पेढीची वही आणि यंत्राची स्मरणशक्ती

जोयडा तालुक्याच्या पश्चिम टोकास, घाटमाथ्यावर, कॅसलरॉक नावाचे रेल्वे स्थानक आहे. गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल होता तोवर हे स्थानक म्हणजे सरहद्दीचे नाके होते. मडगाव-मुरगावकडे जाणाऱ्या उतारूने येथे इकडच्या जकात अधिकाऱ्यांपुढे आपली पेटी उघडावयाची, आणि घाट उतरून कुळे येथे गेल्यावर तिकडच्या अधिकाऱ्यांपुढे ती पुन्हा उघडावयाची, असा शिरस्ता होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि नाक्याचे प्रयोजन संपले. या तपासणीचा व्यापाऱ्यांस उपद्रव होई यात शंका नाही. परंतु पेटी कोण उघडतो, कोठे उघडतो आणि तीत काय पाहतो हे तिच्या धन्यास ठाऊक असे. त्याच्या डोळ्यांदेखत ती उघडली जाई.

आज आपल्या दुकानातील संगणकाविषयी असे म्हणता येईल काय, हा प्रश्न २०२४ पासून जगात पुष्कळ ठिकाणी विचारला जात आहे, आणि आता तो रामनगर, जगलबेट, गणेशगुडीपर्यंत येऊन पोहोचला आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने तालुक्यातील सभासदांच्या गाठीभेटी घेत असताना आम्हांस तो एकाहून अधिक गाद्यांवर ऐकावयास मिळाला. बहुधा घरातील महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा सून तो काढते, आणि वडील मंडळी आमच्याकडे पाहतात. “यंत्रात आता कृत्रिम बुद्धिमत्ता येते म्हणतात, ती आपले सगळे पाहते म्हणतात; मग यंत्राची प्रणालीच बदलावी काय?” असा त्याचा आशय असतो. त्यास एका वाक्यात उत्तर देण्यासारखे नाही, म्हणून हा लेख.

संगणकाने पेढीत पाऊल टाकल्याला एक पिढी लोटली. रोजकीर्द, खतावणी, उधारीची यादी, जी.एस.टी.ची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार, बेळगावास किंवा हुबळीस शिकणाऱ्या मुलांची प्रमाणपत्रे, घरातील वृद्धांच्या औषधोपचाराचे कागद, हे सारे आज त्या एका यंत्रात असते. पूर्वी तिजोरीची किल्ली कमरेला असे आणि वही गादीजवळ. आता दोन्ही एकाच पेटीत गेली आहेत. या पेटीत आतल्या आत राबणारा जो मुनीम, त्यास ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. कळफलकावरील अक्षर पडद्यावर आणणे, कागद कपाटात ठेवणे व मागताच काढून देणे, छपाईयंत्राशी बोलणे, बाहेरच्या जगाशी पत्रव्यवहार करणे, ही सर्व कामे त्याची. धन्याने कोणताही व्यवहार केला तरी तो या मुनीमाच्या हातूनच होतो. त्याच्यापासून लपवून काही करणे संभवत नाही. म्हणून त्याच्या इमानाचा प्रश्न हा इतर कोणत्याही नोकराच्या इमानाहून मोठा आहे. आपल्याकडील बहुतेक दुकानांत हा मुनीम म्हणजे मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीची विंडोज ही प्रणाली होय.

आता चर्चेस कारण काय झाले ते पाहू. २० मे २०२४ रोजी या कंपनीने संगणकांचा एक नवा वर्ग जाहीर केला व त्यांबरोबर ‘रिकॉल’ नावाची एक सोय देण्याचे ठरविले. (कंपनीचे प्रमुख श्री. सत्य नडेला हे आपल्याच किनाऱ्यावरील मणिपाल येथे अभियांत्रिकी शिकलेले आहेत. तेव्हा गोष्ट अगदीच परक्यांची नव्हे.) रिकॉलचे काम असे, की पडद्यावर जे जे दिसते त्याचे छायाचित्र दर काही सेकंदांनी घ्यावयाचे, त्यातील मजकूर वाचून त्याची सूची करावयाची, आणि पुढे महिन्याभराने धन्याने “ती काजूच्या दराची चिठ्ठी मी कोठे पाहिली होती?” असे विचारताच ती काढून दाखवावयाची. २५६ गिगाबाइट साठा असलेल्या यंत्रावर या छायाचित्रांसाठी २५ गिगाबाइट जागा राखून ठेवली जाते, आणि तीत सुमारे तीन महिन्यांची दृश्ये मावतात. ही सोय निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. विसरभोळ्या मनुष्यास तर ती वरदानच वाटेल.

परंतु पडद्यावर दिसते त्यात काय नसते? ब्रिटनमधील सुरक्षातज्ज्ञ केव्हिन बोमाँट यांनी चाचणीसाठी मिळालेल्या रूपाची तपासणी केली, तेव्हा छायाचित्रांतून वाचलेला मजकूर साध्या, न कुलपबंद अशा कोठारात साठविला जात असल्याचे त्यांनी दाखवून दिले. यंत्रात शिरलेल्या एखाद्या चोरट्या प्रोग्रामास ते कोठार उचलून नेणे अवघड नव्हते. पूर्वी चोरास एकेक कपाट शोधावे लागे. येथे तीन महिन्यांचे सर्व काही एका जागी, सूचीसह, मांडून ठेवलेले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने कंपनीकडे विचारणा केली. ओरड वाढली तेव्हा ७ जून २०२४ रोजी कंपनीने जाहीर केले की ही सोय धन्याने स्वतः सुरू केल्यावाचून चालू राहणार नाही. आणि आठवडाभरातच तिचे सार्वत्रिक वाटप पुढे ढकलले. पुढे कोठार कुलपबंद करून, आणि धन्याचा चेहरा, बोटाचा ठसा किंवा सांकेतिक अंक पटल्यावाचून ते उघडू नये अशी तजवीज करून, एप्रिल २०२५ मध्ये ती बाहेर आणण्यात आली. तरीही मे २०२५ मध्ये सिग्नल या संदेशसेवेने आपल्या संदेशांची छायाचित्रे विंडोजला घेता येऊ नयेत अशी व्यवस्था आपल्या बाजूने केली, आणि जुलैमध्ये ब्रेव्ह या ब्राउझरनेही तसेच केले. यांचा आक्षेप असा, की संदेश पाठविणाऱ्याने तो काही वेळाने पुसला जावा अशी योजना केली असली, तरी वाचणाऱ्याच्या यंत्रात त्याचे चित्र उरते. आणि पाठविणाऱ्यास त्याची खबरही नसते.

हा शेवटचा आक्षेप व्यापाऱ्याने नीट ध्यानात घ्यावा असे आम्हांस वाटते. खतावणी पेढीच्या मालकीची असली तरी तीत लिहिलेली नावे दुसऱ्यांची असतात. कोणाकडे किती येणे आहे, कोणाच्या घरी यंदा लग्न म्हणून माल उधारीने गेला, कोणाचे येणे तीन वर्षे थकले, हे सांगणारी वही आपल्या वडिलांनी चारचौघांत उघडली नाही. गणेशगुडीच्या बाजूस कित्येक कुटुंबांनी आता पर्यटकांसाठी घरगुती निवास सुरू केले आहेत. काळी नदीच्या प्रवाहात नौकानयनास येणाऱ्या पाहुण्याच्या आधारपत्राची प्रत, त्याचा दूरध्वनी क्रमांक, त्याच्याबरोबर आलेल्या मंडळींची नावे ही सर्व यजमानाच्या यंत्रात उघडली जातात. पाहुण्याने ती यजमानाच्या भरवशावर दिलेली असतात. यजमानाच्या मुनीमाशी त्याचा काहीच करार झालेला नसतो.

कायद्याची दृष्टीही आता हीच झाली आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा एकमताचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो ज्यांच्या अर्जावरून दिला गेला ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश होते. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले; त्यांतील प्रमुख कर्तव्यांस अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. दुसऱ्याची माहिती यंत्रात बाळगणाऱ्यास या कायद्याने जे इंग्रजी नाव दिले आहे त्याचा अर्थ ‘विश्वस्त’ या शब्दाच्या जवळचा आहे. माहितीच्या रक्षणाची वाजवी तजवीज न केल्यास होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तो आकडा मोठ्या कंपन्यांकडे पाहून घातलेला आहे हे उघड आहे, आणि रामनगरच्या किराणा दुकानदाराने त्याने घाबरून जाऊ नये. गमतीची गोष्ट ही, की कागदी वही या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिचे रक्षण आपण कायद्यावाचूनच करीत आलो.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण भीतीच्या भरात खर्च करणे हे व्यापाऱ्यास शोभत नाही. रिकॉल ही सोय फक्त नव्या व महाग वर्गातील संगणकांवर चालते. त्यांस कृत्रिम बुद्धिमत्तेची कामे करणारा खास विभाग आणि किमान १६ गिगाबाइट स्मृती लागते. तालुक्यातील दुकानांतून आम्ही जी यंत्रे पाहिली, त्यांतील बहुतेक आठ-दहा वर्षांची आहेत. त्यांत ही सोय नाही आणि येणारही नाही. शिवाय छायाचित्रे यंत्राबाहेर पाठविली जात नाहीत असे कंपनीचे म्हणणे आहे, आणि नको असल्यास ही सोय काढूनही टाकता येते. तेव्हा “माझ्या उधारीची चित्रे अमेरिकेस गेली” असे जे एका सभासदांनी आम्हांस सांगितले, त्यास आधार नाही.

मात्र त्या सभासदांच्या मनातील शंका सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. त्यांच्या पुतण्याने नवे यंत्र घेतले तेव्हा आरंभीच त्याच्याकडे कंपनीच्या खात्याची मागणी झाली. मांडणी करताना जो जो प्रश्न आला त्यास त्याने ‘होय’ म्हटले, आणि काही दिवसांनी लक्षात आले की कागदपत्रांचे कपाट कंपनीच्या दूरच्या भांडारात आपोआप नकलले जात आहे. जोयड्यासारख्या ठिकाणी हे लवकर कळले याचे कारण निराळे आहे. येथील दऱ्याखोऱ्यांत इंटरनेटचा धागा मुळातच बारीक. तो या अदृश्य वाहतुकीने भरून गेला आणि ई-वे बिल निघेना. बेळगावच्या बाजारपेठेत हीच गोष्ट वर्षभर कोणाच्या ध्यानीही आली नसती. याखेरीज विंडोजच्या नेहमीच्या आवृत्त्यांत यंत्राच्या प्रकृतीविषयीची काही माहिती कंपनीस जात राहते व ती सर्वस्वी बंद करता येत नाही. साधी टिपणवही आणि चित्रे काढण्याचा फलक यांतही आता बुद्धिमत्तेची बटणे बसविली आहेत, आणि त्यांतील काही बटणे दाबली की मजकूर बाहेरच्या यंत्रांकडे जातो. प्रत्येक बटण स्वतंत्रपणे निरुपद्रवी असेल. परंतु मुनीमास कोणती कामे द्यावयाची हे ठरविणारा धनी आपण, की त्याच्या मागे उभी असलेली कंपनी, असा प्रश्न यातून उभा राहतो. आणि आमच्या मते प्रणाली बदलण्याचे समंजस कारण हेच आहे. छायाचित्रांची भीती हे त्याचे केवळ निमित्त.

योगायोगाने हा निर्णय पुष्कळांस तसाही घ्यावा लागणार आहे. विंडोज १० या आवृत्तीस कंपनीकडून मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती यंत्रांसाठी काही अटींवर दिलेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. विंडोज ११ घालावयाची तर यंत्रात टी.पी.एम. नावाची सुरक्षा-चकती आणि साधारणतः २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे दुकानातले चालते-फिरते यंत्र मोडीत काढून नवे घ्यावयाचे, किंवा त्याच यंत्रात दुसरा मुनीम बसवावयाचा.

हा दुसरा मुनीम म्हणजे लिनक्स. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला. त्यापूर्वी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी चालविलेल्या मुक्त प्रणालीच्या कामाशी त्याचा संयोग झाला. त्याची संहिता कोणासही वाचावयास खुली आहे. परवान्याचे मूल्य नाही. खाते उघडण्याची सक्ती नाही. उबुंटू, मिंट, फेडोरा ही त्याची निरनिराळी घराणी. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाचे घराणे भारतीय भाषांसाठी सिद्ध केले आहे. केरळातील सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षे मुले लिनक्सवरच शिकतात व परीक्षाही देतात. संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली स्वीकारण्याचे ठरविल्याचे वृत्त २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बुद्धिमत्तेच्या साधनांविषयीची सावधगिरी तर खुद्द अर्थ मंत्रालयाने दाखविली : चॅट-जीपीटी, डीपसीक यांसारखी साधने कार्यालयीन यंत्रांवर वापरू नयेत, त्यांमुळे सरकारी कागदांच्या गोपनीयतेस धोका आहे, अशी सूचना २९ जानेवारी २०२५ रोजी कर्मचाऱ्यांस देण्यात आली. ज्या खात्याकडे आपण आपले हिशेब पाठवितो, ते खाते स्वतःच्या कागदांविषयी इतके दक्ष आहे, हे पाहून काही सभासदांस हसू आले. आम्हांस ते अनुकरणीय वाटले.

युरोपातही वारे याच दिशेने वाहत आहेत. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिनक्स व लिब्रेऑफिसकडे नेण्याचा निर्णय एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केला. परंतु त्याच जर्मनीतील म्युनिक नगराची कथाही सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तेथील नगरपालिकेने २००३ मध्ये असाच निर्णय घेतला. सुमारे १५,००० यंत्रे दहा वर्षांत बदलली. २०१३ मध्ये काम पुरे झाल्याचे जाहीर केले. आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. राजकारण त्यात होते, तसेच लोकांच्या तक्रारीही होत्या. बाहेरून येणारे कागद नीट उघडत नाहीत, खास कामाचे प्रोग्राम चालत नाहीत, अशा त्या तक्रारी. म्युनिकसारख्या धनाढ्य नगरास जे जड गेले ते आपणांस सहज साधेल अशी कल्पना कोणी करून घेऊ नये.

स्थलांतर म्हणजे काय, हे जोयडा तालुक्यास सांगण्याची गरज नाही. काळी नदीवर सुपा येथे धरण झाले तेव्हा जुने सुपे पाण्याखाली गेले, आणि तेथील कुटुंबांस रामनगरास वसविण्यात आले. त्या काळी दुकान हलविलेल्या वयोवृद्धांना विचारावे. फळ्या, तागडी, डबे हे सर्व गाडीत घालता येते. गिऱ्हाइकांची घरे जेथून चालत येण्याच्या अंतरावर होती ती जागा गाडीत घालता येत नाही. प्रणाली बदलतानाही हेच विचारावयाचे असते, की बरोबर काय येईल आणि मागे काय राहील.

बरोबर येणाऱ्या गोष्टी अपेक्षेहून पुष्कळ आहेत. पत्रे, तक्ते, छायाचित्रे येतात. बँकेची कामे, जी.एस.टी.चे संकेतस्थळ, ई-वे बिल ही ब्राउझरमधून होतात आणि ब्राउझर तोच राहतो. दुकानातील पट्ट्यांच्या खुणा वाचणारे यंत्र संगणकास कळफलकासारखेच भासते, त्यामुळे ते लावताच चालू होते. मराठी व कन्नड दोन्ही लिप्या आरंभापासून असतात, आणि सरकारने प्रमाण ठरविलेली इन्स्क्रिप्ट कळरचनाही असते. आपल्या तालुक्यात एका पत्रात तीन भाषा येतात, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हे. अडचण येते ती जुन्या पत्रांची. युनिकोडपूर्वीच्या टंकांत लिहिलेला मजकूर, तो टंक बरोबर न नेल्यास, अगम्य अक्षरांचा ढीग होऊन पुढे येतो. काही स्वस्त छपाईयंत्रेही लिनक्सशी बोलत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीच्या चकत्यांपैकी काहींची व्यवस्था लिनक्ससाठी असते, काहींची नसते. ज्यांची पेढी कंपनी म्हणून नोंदलेली आहे त्यांनी याची आधी खात्री करून घ्यावी, कारण त्यांचे विवरणपत्र स्वाक्षरीवाचून जात नाही.

आणि मग येते टॅली. खरी गाठ येथे आहे. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी आरंभिलेली ही बंगळूरची कंपनी. स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवता यावेत म्हणून वडिलांच्या सांगण्यावरून मुलाने प्रोग्राम लिहिला, अशी तिची जन्मकथा आहे. एका व्यापारी कुटुंबाच्या गरजेतून निघालेली वस्तू देशभरच्या पेढ्यांत गेली, याचा व्यापारी म्हणून आम्हांस अभिमानच आहे. परंतु टॅली विंडोजसाठी लिहिलेली आहे, आणि आपले कर सल्लागार टॅलीतलीच नक्कल मागतात. लिनक्सच्या आत एक आभासी यंत्र उभे करून त्यात विंडोज व टॅली चालविता येते. पण त्यास स्मृती अधिक लागते आणि जुन्या यंत्राचा दम उखडतो. ‘वाइन’ नावाच्या दुभाष्यामार्फतही ती काही वेळा चालते, काही वेळा चालत नाही. आणि मार्च महिन्यात ‘काही वेळा’ हा शब्द कोणत्याही मुनीमास रुचणार नाही. ग्नू-कॅशसारखी मुक्त हिशेब-साधने चांगली आहेत, परंतु ती आपल्या जी.एस.टी.च्या रचनेसाठी घडविलेली नाहीत.

म्हणून ज्या पेढीत दोन यंत्रे आहेत तेथे आमचा सल्ला स्पष्ट आहे. टॅलीचे यंत्र विंडोजवरच राहू द्यावे. त्यावर टपाल, गप्पा, चित्रपट, मुलांचे खेळ काही नसावे. भांडारात आपोआप नकलण्याची सोय बंद करावी. आणि कामापुरतेच ते इंटरनेटला जोडावे. दुसरे यंत्र, जे घरातले सगळे वापरतात, ते लिनक्सवर न्यावे. ज्यांच्याकडे एकच यंत्र आहे व त्यात टॅली आहे, त्यांनी तूर्त प्रणाली बदलण्याच्या भानगडीत पडू नये. त्यांनी यंत्राच्या मांडणीतील खाजगीपणाची पाने एका संध्याकाळी शांतपणे उघडून, नको ती बटणे बंद करावीत. याने सर्व शंका मिटतील असे नाही, परंतु पुष्कळशी दारे लागतील. टॅली न वापरणारे, म्हणजे घरगुती निवासवाले आणि केवळ बिलवही ठेवणारे लहान दुकानदार, यांना मात्र पूर्ण बदल करण्यास अडचण थोडी आहे. आणि पाहुण्यांच्या आधारपत्रांचा विचार करता कारणही सर्वांत अधिक त्यांनाच आहे.

रामनगरात एका सभासदाच्या मागील खोलीत पडून असलेल्या, २०१४ च्या सुमाराच्या यंत्रावर आम्ही हा प्रयोग करून पाहिला. लिनक्स मिंटची प्रत सुमारे तीन गिगाबाइटची असते; ती जोयड्याच्या धाग्यावरून उतरविण्यात रात्र गेली असती, म्हणून बेळगावास शिकणाऱ्या त्यांच्या कन्येने ती पेनड्राइव्हवर आणली. या पेनड्राइव्हवरूनच यंत्र चालू करून, आतल्या कोठारास हात न लावता, नवी प्रणाली वापरून पाहता येते. ही सोय फार मोलाची आहे. छपाई होते की नाही, बँकेचे पान उघडते की नाही, हे बदलापूर्वीच कळते. आम्ही दोन दिवस तसे पाहिले आणि मग प्रणाली बसविली. त्यास अर्धा तासही लागला नाही. जे यंत्र उघडण्यास पूर्वी पाच मिनिटे घेई ते आता मिनिटभरात उघडते. छपाईयंत्राने मात्र संध्याकाळपर्यंत दमविले. सभासदाच्या मातोश्रींनी, ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, पडद्याकडे पाहून एवढेच विचारले, “हा नवीन माणूस पगार किती घेतो?” पगार नाही म्हणताच त्यांनी मान हलविली. फुकट राबणाऱ्याविषयी त्यांस वाटलेली शंका अगदीच अनाठायी नाही. या प्रणालीमागे उभ्या असलेल्या मंडळींस देणग्या, मोठ्या कंपन्यांचे साहाय्य आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर चालावे लागते. अडल्यास दूरध्वनी करून रागवावे असे तेथे कोणी नसते. गावात जाणता एक तरी तरुण हवा. लिनक्सला विषाणूंची बाधा होतच नाही असेही कोणी समजू नये. ती कमी होते, आणि खोट्या दुव्यावर बोट ठेवणाऱ्याचे रक्षण कोणतीच प्रणाली करीत नाही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. संगणकाचे दार लावून घेतले आणि खिशातला मोबाइल तसाच राहिला, तर फारसे साधत नाही. व्हॉट्सअपवरील आपसांतील संदेश वाटेत कोणास वाचता येत नाहीत हे खरे; परंतु त्याच पडद्यावर मेटा कंपनीच्या बुद्धिमत्तेस विचारलेला प्रश्न कंपनीकडे जातो. थकलेल्या उधारीची यादी तीत घालून “वसुलीचे नम्र पत्र लिहून दे” असे सांगणाऱ्या एका उत्साही तरुण सभासदास आम्ही इतकेच सुचविले, की पत्राचा मसुदा खुशाल घ्यावा, नावे आणि रकमा मात्र स्वतःच्या हाताने भराव्यात. ते त्यांस पटले. पत्रे उत्तम झाली होती. आमच्या पिढीस इतके नम्र लिहिणे साधले नसते.

ज्या सभासदांस या वर्षी बदल करून पाहावयाचा असेल त्यांनी आधी सर्व कागदांच्या दोन नकला निरनिराळ्या चकत्यांवर घ्याव्यात, आणि त्यांतील एक दुकानाबाहेर, घरी, ठेवावी. मार्चअखेरच्या हिशेबांच्या गर्दीत या कामास हात घालू नये. पावसाळाही टाळावा; आषाढात आपल्याकडे वीज दिवसदिवस जाते, आणि प्रणाली बसत असताना ती गेली तर यंत्र ना इकडचे ना तिकडचे होऊन बसते. एप्रिलचा उत्तरार्ध बरा. २० तारखेचे विवरणपत्र भरून झाले की २१ ला सकाळी आरंभ करावा, आणि तो दिवस रविवार असेल तर छपाईयंत्रासाठी दुपारही हाताशी राहील.